पन्नासावं घर

सरकारकडून आलेला फॉर्म बारा पानांचा होता. गावाचं क्षेत्रफळ किती, विहिरी किती, इंजिनाच्या होड्या किती, वल्ह्याच्या किती, डुकरं किती, जायफळाची झाडं किती. एका रकान्यात विचारलं होतं, पाहुण्यांना दाखवण्यासारखं गावात काय आहे. तिथे मी 'समुद्र' असं लिहिलं. हातुमेरी गावाचा चिटणीस म्हणून एकोणीस वर्षं काढल्यावर माणूस एवढी मोकळीक घेतो.

सातव्या पानावर कुटुंबांची संख्या होती आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप. ज्या गावात पन्नासपेक्षा कमी कुटुंबं आहेत ते शेजारच्या मोठ्या गावात सामील करण्यात येईल, शाळाही तिकडेच जाईल, आणि दोन महिन्यांनी कुणीतरी येऊन प्रत्यक्ष पाहणी करेल. आमचं शेजारचं मोठं गाव म्हणजे डोंगरापलीकडचं वाएसिला. आमच्या शाळेत सतरा मुलं. सर्वांत धाकटं सहा वर्षांचं. त्याने रोज तीन तास डोंगर चढून जायचं आणि तीन तास उतरून यायचं, असा त्या टिपेचा अर्थ होता.

मी चर्चपासून खाडीच्या टोकापर्यंत मोजत गेलो. कुणी गप्पांना थांबवलं नाही तर वीस मिनिटांचं काम. मला सगळी दुपार लागली. एकोणपन्नास भरली. पुन्हा मोजली, एकोणपन्नासच. पन्नासावं घर ओनिसिमुसचं होतं आणि तो मागच्या वर्षी वारला होता. एकटा माणूस होता. मरायची त्याला कधीच घाई नव्हती, पण वेळ नेमकी साधली.

राजाकडे गेलो. आमच्याकडे गावच्या प्रमुखाला राजा म्हणतात, आणि वडीलधाऱ्या माणसाला बापा. बापा मार्थिनुस तेव्हा फाटकी बनियन घालून किनाऱ्यावर जाळं सांधत बसले होते. मी टीप वाचून दाखवली. त्यांनी दोन गाठी मारल्या, मग म्हणाले, "लाहाकोनाला जा. एक कुटुंब मागून आण."

लाहाकोना हे आमचं भाऊगाव. सामुद्रधुनीच्या पलीकडे, इंजिनाच्या होडीने दीड तास. आमचे आणि त्यांचे पूर्वज हाताला चीर देऊन एकाच करवंटीतून प्यायले, तेव्हापासून आम्ही सख्खे. त्यांच्याकडे आमची सोयरीक होत नाही, कारण बहीण-भावाचं लग्न होत नसतं. एकमेकांच्या परड्यातून काहीही न विचारता घ्यायचं. एकाने मागितलं तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही. आणि दिलेलं परत करायचं नाही. त्यांच्या चर्चची तुळई आमची आहे, आमच्या चर्चची घंटा त्यांची. आजवर माणूस कुणी मागितला नव्हता, एवढंच.

मी विडा-सुपारी आणि ताडाच्या दारूची बाटली घेऊन गेलो. त्यांचा राजा ओबाजा वयाने फार मोठा, कानाने थोडा कमी, पण शहाणा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं. दोन महिन्यांपुरतं कुटुंब हवंय, हे वाक्य मी होडीत चार वेळा घोकलं होतं. त्याच्यासमोर बसल्यावर ते बाहेर येईना. भावाकडे मागताना मुदत सांगायची नसते. मुदत परक्यांसाठी असते. म्हटलं, समजून घेईल म्हातारा. जन्मभरासाठी माणूस कोण देतो? तुळई वेगळी, माणूस वेगळा, असं मी मनाशी धरून चाललो.

"शनिवारी पाठवतो," ओबाजा म्हणाला. त्यानेही अधिक काही विचारलं नाही.

शनिवारी सगळं गाव किनाऱ्यावर. मुलांनी हार केले होते. होडी लागली आणि तिच्यातून एक बाई उतरली. मागून दोन पोती, तीन कोंबड्यांची टोपली आणि पानं कापायचा लांब कोयता. बापा मार्थिनुसांनी होडीत वाकून पाहिलं आणि विचारलं, बाकीचे कुठे आहेत.

"मीच सगळे," ती म्हणाली. "एक माणूस, एक चूल, एक कुटुंब. तुमच्या फॉर्मात बसतं ना?"

बसत होतं. सार्लोटा तिचं नाव. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी, म्हणून मी उसी म्हणायचो; मोठ्या बहिणीला आमच्याकडे तसं म्हणतात. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, मूलबाळ नाही. मुलांनी चार हार केले होते, ते चारही तिने गळ्यात घालून घेतले आणि घर कुठलं ते विचारलं.

ओनिसिमुसचं घर माझ्या परड्याला लागून, मध्ये फक्त बांबूचं कुंपण. त्यामुळे पहिला तडाखा मला बसला. आल्याच्या दिवशी संध्याकाळी माझी लिंबं गेली. दुसऱ्या दिवशी मिरच्या. तिसऱ्या दिवशी, मी आठवडाभर ज्याच्यावर डोळा ठेवून होतो तो नीरफणस. मी ओट्यावर बसून बघतोय आणि ही बाई माझीच आकडी घेऊन माझाच फणस पाडतेय. वर कुंपणावरून म्हणाली, "तयार झाला होता रे एलिफास. उद्या पडून फुटला असता." तिने अर्धा तळून मला आणून दिला. माझ्याच फणसाचा अर्धा मी आभारी चेहऱ्याने खाल्ला, कारण दुसरा चेहरा करायची सोय नव्हती.

मग तिने गाव घेतलं. कुणाची शहाळी, कुणाचं रताळं, कुणाची लवंग वाळवायची चटई. राजाच्या होडीतलं नवंकोरं वल्हं तिने एके सकाळी काढून नेलं, चुलीवरचं छप्पर टेकवायला. तक्रार कुणाला करायची? तो तिचा हक्कच होता, आणि आम्ही लाहाकोनाला गेलो की हेच करायचो. फक्त आम्ही दिवसभराने परत यायचो. ही परत जातच नव्हती.

शिवाय तोंड. आमची सागो-ताडाच्या पिठाची पेज इतकी पातळ की तिच्यात मासा पोहेल. आमच्या विहिरीच्या पाण्याला खिळ्याची चव. आम्ही चर्चमध्ये गातो ते प्रेत उचलल्यासारखं. हे सगळं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून, पाद्रीबाबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

पण शाळेचं छप्पर तिने केलं, हे मान्य करायला हवं. तिसरीच्या वर्गात मास्तर तीन वर्षं बादली ठेवून शिकवत होते. सार्लोटाने ती बादली पाहिली, मास्तरांकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन सागोच्या रानात गेली. बांबूच्या कामटीवर पान दुमडायचं आणि वेताच्या सालीने शिवायचं, हे काम आमच्या बायकाही करतात. ती बघून म्हणाली, "याला शिवण म्हणत नाहीत, याला पान लटकवणं म्हणतात." तिचा टाका दुहेरी. पहिल्या दिवशी बायका रागाने बसल्या, दुसऱ्या दिवशी टाका शिकायला बसल्या. तीन आठवड्यांत शाळा नव्याने शाकारून झाली. मग तिने स्वतःचं घरही शाकारलं. मास्तर ती बादली घरी घेऊन गेले.

या सगळ्यात माझी वाईट सवय अशी लागली की सकाळी उठलो की आधी परड्यात काय गेलं ते बघायचं. लिंबं गेलेली दिसली की मी मोठ्याने कुरकुर करायचो. पलीकडून उत्तर यायचं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. सकाळच्या वेळी घरात आवाज माझा एकट्याचाच असायचा. आता भांडायला कुणीतरी होतं. मला ते आवडत होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

पाहणीच्या दहा दिवस आधी सकाळी मी उठून बघतो तर ती घरामागे खड्डे खणत होती. बाजूला केळीचे सहा मुनवे, मुळांना ओली माती थापलेली. मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. केळीला घड धरायला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. दोन महिन्यांसाठी आलेला माणूस मिरची लावेल, फार तर पालेभाजी. केळ लावत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ओबाजाने तिला दिली होती. तुळई दिली तशी, घंटा दिली तशी, कायमची. आणि तिनेही तसंच धरलं होतं. सगळ्या हातुमेरीला ठाऊक होतं की बाई दोन महिन्यांपुरती आहे. ठाऊक नव्हतं ते एकट्या तिला. आणि सांगायचं काम माझं होतं, कारण मागायला मी गेलो होतो.

तिने घाम पुसत वर पाहिलं. मी म्हणालो, "खड्डा अजून खोल घे, उसी."

मी आयुष्यात पुष्कळ चुकीचं बोललो असेन. त्याहून चुकीचं काही बोललो नाही.

पाहणीला एक तरुण साहेब आला. होडीचा प्रवास त्याला बाधला होता, तरी बिचारा घरोघर फिरला. सार्लोटाच्या दारात त्याने विचारलं, बाई, इथे राहायला कधीपासून. मी मागे उभा राहून हातातले कागद चाळत होतो.

"छप्पर बघा," ती म्हणाली. "जुन्या घरावर नवं छप्पर कोण घालतं? राहणारच असेल तो घालतो ना?"

साहेबाने छप्पर पाहिलं, तळलेला नीरफणस खाल्ला, माझ्याच झाडाचा, आणि पन्नास लिहून घेतले. गावात त्या दिवशी दोन डुकरं कापली. शाळा राहिली, गाव राहिलं. मास्तरांना रडू आलं.

रविवारी चर्चनंतर वडीलधारी मंडळी बसली. बापा मार्थिनुस म्हणाले, काम झालं, आता तिला मानाने पोचवून ये. नवं कापड आणि सुकवलेले कुपा मासे बरोबर दे. कुणाची शहाळी, कुणाची चटई, याची उजळणी झाली. वल्ह्याचा विषय राजाने स्वतः काढला नाही, पण तो मनात होता. मी म्हणालो की तिने केळी लावल्या आहेत.

"केळी आपण खाऊ," बापा म्हणाले.

मंडळी हसली. मी तिथे ठासून बोलायला हवं होतं की दिलेलं परत करता येत नाही. बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग मागताना मुदत का नाही सांगितलीस. तो प्रश्न मला नको होता. मी गप्प बसलो आणि घरी आलो.

तिला मी एवढंच सांगितलं की मंगळवारी होडी लाहाकोनाला जातेय, येतेस का. यात खोटं काहीच नव्हतं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, माझा पाटा तिथेच राहिलाय, तुमच्याकडच्या दगडावर मसाला वाटला जात नाही, घेऊन येऊ. भाचीसाठी तिने सागोच्या भाकऱ्या भाजून पानात बांधल्या. कोंबड्यांना दाणे घालायला पलीकडच्या घरात सांगून ठेवलं, दोनच दिवस म्हणून. कापड आणि मासे मी आधीच होडीत फळीखाली ठेवून आलो होतो.

लाहाकोनात उतरून ती सरळ आपल्या घराकडे चालू लागली. मी होडी बांधली, फळीखालचं कापड आणि मासे घेतले आणि मागे गेलो. तिच्या घराच्या अंगणात दोरीवर पुरुषांचे शर्ट वाळत होते. दार निळं रंगवलेलं. घर नवऱ्याच्या कुळाच्या जमिनीवर होतं आणि ती गेली त्याच आठवड्यात दीर त्याच्या मुला-सुनेसकट तिथे राहायला आला होता. त्याचंही चुकलं नव्हतं. दिलेल्या माणसाचं घर रिकामं का ठेवायचं?

ती दारासमोर थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं आता रडेल किंवा भांडेल. "रंग वाईट निवडलाय," एवढंच म्हणाली आणि पाटा शोधायला मागच्या बाजूला गेली.

तेवढ्यात ओबाजा काठी टेकत आला. त्याच्यामागे आणखी चार-पाच जण. त्याची नजर माझ्या हातांवर गेली. घडी घातलेलं नवं कापड आणि त्यावर मासे, असं कशासाठी आणतात हे त्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"एलिफास," तो म्हणाला, "तू तिला परत करायला आणलीस?"

मी माशांखालची घडी सारखी करू लागलो.

"आमच्याकडून काय चुकलं?" त्याने विचारलं.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. भावाने भेट नाकारली म्हणजे आपल्याच देण्यात काही खोट असणार, असं धरून तो विचारत होता. माझी मान खाली गेली. वर पाहिलं तेव्हा सार्लोटा घराच्या कोपऱ्यावर, पाटा पोटाशी धरून उभी होती. तिने माझ्या हातातलं कापड पाहिलं, मग मासे, मग मला.

मी म्हणालो, "परत नाही आणली, बापा. तिचा पाटा राहिला होता, तो न्यायला आलो. हे कापड आणि मासे तुम्हाला. तिने आमच्या शाळेचं छप्पर केलं, म्हणून."

ओबाजाला कमी ऐकू येत असलं तरी खोटं बरोबर ऐकू येतं.  त्याने कापड घेतलं आणि म्हणाला, "मग पाटा जड आहे. उचलायला हात लाव तिला."

मी पुढे झालो. तिने पाटा दिला नाही. स्वतःच होडीपर्यंत नेला. भाकऱ्या तिने भाचीला दिल्या, काय बोलली ते मला ठाऊक नाही.

सामुद्रधुनीच्या मध्यावर तिने इंजिन बंद करायला सांगितलं. मी केलं. होडी लाटांवर डुलत राहिली.

"मी केळी लावत होते तेव्हा तू कुंपणापाशी उभा होतास," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं, मला परत सोडायचंय ते."

"हो, उसी."

"आणि तू म्हणालास, खड्डा खोल घे."

मला माफी मागायची होती. तोंड उघडलंही. ती म्हणाली, "सुरू करा इंजिन. कोंबड्या वाट बघत असतील."

हातुमेरीला आल्यावर मी बापा मार्थिनुसांना सगळं सांगितलं. मुदत न सांगितल्याचंही, आणि ओबाजाने काय विचारलं तेही. त्यांनी ऐकलं. म्हणाले, मूर्ख आहोत आपण दोघं. मग उठून होडीपाशी गेले आणि उरलेलं दुसरं वल्हं तिच्या दाराशी ठेवून आले. एक घेतलंय तर जोडी असू दे, म्हणाले. त्यानंतर परत पाठवायचा विषय गावात कुणी काढला नाही. गावाला तिने माफ केलं की गावाने तिला, हे सांगता येणार नाही. पण ती पूर्वीसारखीच शहाळी पाडते, रताळी खणते, चर्चच्या गाण्याला नावं ठेवते. लोक कुरकुरतात आणि तिने नेलं नाही तर काळजी करतात, बाई आजारी आहे की काय म्हणून.

यंदा फॉर्म पुन्हा आला. मी पन्नास लिहिलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. केळींना घड आले. घड तयार होतील तसे तिने कापले आणि घरटी एक फणी दिली. कुणाच्या घरी सरळ चुलीपर्यंत जाऊन ठेवली, कुणाच्या ओट्यावर. माझ्याकडे आली तेव्हा फाटकाबाहेर थांबली.

"चिटणीस, तुमची केळी," म्हणाली. मी घेतली. मग ती म्हणाली, "चार लिंबं हवी होती. घेऊ का?"

माझं परडं सोडून साऱ्या गावात ती कुणाला विचारत नाही. मला मात्र त्या मंगळवारपासून विचारते, प्रत्येक वेळी. मी म्हणतो, घे ना उसी, विचारायचं काय त्यात. ती हलत नाही. मी स्वतः तोडून हातात देईपर्यंत उभी राहते. मग आभार मानते आणि जाते. माझे नीरफणस झाडावर पिकतात, पडतात, फुटतात, आणि डुकरं खातात. तिला ते दिसतं.

मागच्या महिन्यात मी मधलं कुंपण काढून टाकलं. बांबू कुजले होते असं लोकांना सांगितलं, कुजले नव्हते. आता तिच्या केळींपासून माझ्या लिंबापर्यंत सलग जमीन आहे, मध्ये अडवणारं काही नाही. ती येते, कुंपण होतं तिथे थांबते, आणि विचारते.